कोरं पान

…नाही हो, गोलला काही नाही. शून्य. तेच मघापासून सांगतोय तुम्हाला, रवींद्र — गोल मारणाऱ्याला सगळं जग देतंच आहे, लोक नाचतायत, मिठ्या मारतायत, त्याला आम्ही डोंबिवलीत बसून आणखी काय द्यायचं? आमच्या लीगमध्ये शून्य. थ्रो-इनला अर्धा. म्हणजे चेंडू बाहेर गेला की जो हाताने आत टाकतो ना, त्याला अर्धा गुण. पंचाशी हुज्जत घातली की उणे दोन. आणि कोऱ्या पानाला तीन. ते सांगतो, ते सावकाश सांगायला लागतं, तुम्ही त्यासाठीच आलायत. आधी नीट बसा. ती पाठीमागची उशी काढा, आतला कापूस गोळा झालाय तिच्यात, टोचते. टीव्हीचा आवाज बंदच ठेवतो मी — आवाज आला की डोळे चेंडूमागे पळतात. आणि एक, माझ्याकडे बघायचं नाही. ऐकायचं इकडे, बघायचं तिकडे. जमेल? साईनाथने ग्रुपवर टाकलं, 'माझे मेव्हणे, नौपाड्यात असतात, बँकेत आहेत, चोख माणूस, यापुढे मोजणी ते करतील' — आणि खाली पाच अंगठे आले. माझा नव्हता. म्हणजे विरोध वगैरे नाही हो. मी बघितलं आणि फोन ठेवून दिला. गेलं वर्षभर मीच मोजतोय, आणि खेळणाऱ्याने मोजू नये हा नियम मीच केलेला आहे. तेव्हा.

आम्ही सातजण, शाळेपासूनचे. कुंडलिक आमचा अध्यक्ष, खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होता, रिटायर झाला तरी वेळापत्रक लावायची खोड गेली नाही, त्याने हे सुरू केलं. लोक मोबाइलवर फँटसीची टीम लावतात ना, तसंच, फक्त आमचं छोटं — आठवड्यात एकच मॅच घ्यायची, इंग्लंडची, रविवारी संध्याकाळची. दोन्ही संघांचे मिळून, राखीव धरून, चाळीसेक खेळाडू. शनिवारी फोनवर चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येकाने पाच उचलायचे. पहिल्या वर्षी नियमही जगाचे असतात तेच होते. नियम बिघडवले — 'बिघडवले' हा कुंडलिकचा शब्द — ते सुमतीने. माझी बायको. भिंतीवर नाही, फोटो लावलेला नाही, कपाटात आहे. तिकडे बघा, टीव्हीकडे.

तिला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. इथे, तुम्ही बसलायत तिथे, बसायची मटार सोलत नाहीतर लसूण, आणि मध्येच विचारायची. एकदा म्हणाली, "अहो, तो मघाचा पिवळं जाकीट घालून कडेकडेने पळत होता, तो कुठे गेला?" म्हटलं, तो राखीव आहे, अंग गरम करायला उठतात, मग वाटलं तर घेतात आत. म्हणाली, "मग घेतला का त्याला?" म्हटलं, नाही, परत बसवला. तर मटार सोलायची थांबली. म्हणाली, "म्हणजे पान मांडलं आणि वाढलंच नाही?" सोसायटीच्या जेवणावळीत वाढायला नेहमी तीच असायची ना, आणि तिचं लक्ष कायम शेवटच्या पानाकडे — तिकडे भाजी पोचली का, तिकडे कोण नुसतं मीठ-लिंबू घेऊन बसलंय का. "त्याला काहीच नाही का हो तुमच्या खेळात?" काहीच नाही. "हे काही बरोबर नाही." एवढंच. मी गंमत म्हणून ग्रुपवर टाकलं, आणि साईनाथ हसून हसून म्हणाला की हा नियम झालाच पाहिजे. झाला. राखीव खेळाडू उठला, कडेला पळाला, टीव्हीवर दिसला आणि परत बसला — एक कोरं पान, तीन गुण. जितक्यांदा उठेल तितकी पानं. पण शेवटी मैदानात उतरला तर सगळी पानं रद्द. जेवला ना तो.

थांबा! तो बघा — निळ्यांचा, वरच्या कोपऱ्यात, केसांचा अंबाडा बांधलेला — उठला. एकवीस नंबर. तो माझा आहे. काढा रेघ. पेन्सिलनेच. त्याच्या नावापुढे, हं, एक. बघितलंत? चार सेकंद दिसला. चेंडू दुसरीकडे होता. म्हणून हे कुठल्याच वेबसाइटवर मिळत नाही — थ्रो-इन मिळतात, हुज्जत घातल्याचं पिवळं कार्ड मिळतं, उठून परत बसलेल्याची नोंद जगात कोणी ठेवत नाही. त्याला माणूस लागतो. डोळे लागतात. म्हणून मग मोजणी तिच्याकडे आली. ती खेळत नव्हती, तिची टीम नव्हती — कुंडलिक म्हणाला, वहिनी लिंबूटिंबू. लहान मुलांच्यात नसतं का, एखादं खेळायला घ्यायचं पण त्याच्यावर राज्य येत नाही, ते. तिला चाललं. तीन सीझन तिने मोजलं, आणि तिने वहीत लिहिलं की झालं, कोणी हूं की चूं केलं नाही. वहिनींनी लिहिलं म्हणजे लिहिलं. कोणाची भावकीतली भांडणं असोत, ग्रुपवर कोण कोणावर चिडलेला असो, वहिनींच्या वहीवर वाद नाही.

माझं काम अंदाजाचं. ते मला येतं, तेवढं एकच येतं. तेहतीस वर्षं इथल्याच औद्योगिक वसाहतीत, फेज टूमध्ये, एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये होतो, तपासणीला. सॅम्पल घ्यायचं, मोजायचं, लिहायचं. चीफ केमिस्टच्या जागेसाठी चार वेळा बोलावलं मला मुलाखतीला. चारही वेळा हिने शर्टाला इस्त्री केली — ते जाऊ दे. तर अंदाज. बाजारातले सगळे अंदाज गोल धरून केलेले, आमच्या काही कामाचे नाहीत, आमचा हिशोबच उलटा. आम्हाला असा माणूस हवा जो वरचेवर उठतो पण उतरत नाही. हा एकवीस नंबर घ्या — वय चौतीस, चांगला होता एके काळी. एका मॅचमध्ये सरासरी दोन पूर्णांक दोन वेळा उठतो. पाचांतून एकदा उतरतो. तीनने गुणा, पाचातला एक भाग काढा — सव्वापाच. मग कोच कोण, संघ पुढे आहे की मागे, मागे असला तर तरुण मुलांना काढतात, पुढे असला तर अशा जुन्याला उगाच उठवून ठेवतात, समोरच्याला दाखवायला. हे सगळं धरून शनिवारपर्यंत चाळीसच्या चाळीस जणांचा आकडा माझ्याकडे तयार. आणि आपला अंदाज बरोबर आहे की नाही हे कसं कळतं? चुकीवरून कळतं. अंदाज चुकणारच. पण चूक दोन्ही बाजूंना पडली पाहिजे — कधी जास्त, कधी कमी. एकाच बाजूला पडायला लागली की आम्ही लॅबमध्ये बॅच थांबवायचो. तराजू बिघडलाय म्हणून.

परत उठला! एकवीस. काढा रेघ. दोन. बघा कसा हात वर करून ताणतोय, कोचकडे बघतोय. कोच बघत नाहीये.

हे नवे नियम आल्यापासून तीन वर्षं मी पहिला आलो. ओळीने. तो तांब्या बघा शोकेसमध्ये, ओळीने तीनदा जिंकला म्हणून कायमचा माझ्याकडे राहिलेला, वर नावं कोरलेली — सुधीर, सुधीर, सुधीर. कुंडलिक मला प्रोफेसर म्हणायला लागला. दर आठवड्याला माझा अंदाज बावीस असला की मिळायचे अठ्ठावीस. चोवीस असला की सत्तावीस. एकोणीस, सव्वीस. कधी कमी नाही. एकदाही नाही. आणि मी, तेहतीस वर्षं ज्याने एका बाजूला चूक पडली म्हणून शेकडो बॅच अडवल्या, त्या मी काय केलं? मला वाटलं, मी हुशार आहे. मला वाटलं, अखेर कशात तरी आपण हुशार निघालो. जेवताना तिला सांगायचो, "बघितलंस, अंदाजापेक्षा जास्तच." म्हणायची, "बघितलं ना." आणि आमटी वाढायची.

मागच्या सप्टेंबरात गेली ती. डेंग्यू. अकरा दिवस. काय बोलायचं त्याच्यात, गेली. मग सगळे म्हणाले सुध्या, मोजणी तूच कर, तुझ्यावर विश्वास आहे, आणि मी मोजायला लागलो. आणि सहावा आलो. सातांत सहावा. कोणी काही म्हटलं नाही हो, सगळे गोड बोलले — या वर्षी त्याचं लक्ष कुठे असणार, म्हणाले. मैथिली, माझी मुलगी, ती म्हणाली बाबा हे बंद करा, माझ्याकडे या राहायला. पण माझं लक्ष होतं. लक्षाला काही झालेलं नव्हतं. मला झोप लागत होती, जेवण जात होतं, मला रडूसुद्धा आलं नाही, खरं सांगतो, स्मशानातही नाही. अंदाज पहिल्यासारखेच नीट बसत होते. बावीसचा अंदाज, मिळाले एकवीस. चोवीस, पंचवीस. एकोणीस, सतरा. दोन्ही बाजूंना, कसे पडायला हवेत तसे. पहिल्यांदाच बरोबर पडत होते.

मे महिन्यात सीझन संपला, मग काही काम नव्हतं. मग तिच्या तीन वह्या काढल्या आणि मांडून बसलो. एकेक खेळाडू घेतला. आणि काय दिसलं सांगू? तोच खेळाडू, साईनाथने उचललेला असला की मॅचमध्ये दोनदा उठतो. कुंडलिककडे असला की दोनदा. माझ्याकडे असला की तीनदा. तिकडे इंग्लंडात त्या माणसाला कसं कळणार हो, की डोंबिवलीत आपल्याला या आठवड्यात कोणी उचललंय?

नाही, घाईने नाही काढला निष्कर्ष. टीव्हीच्या बॉक्सवर जुन्या मॅच रेकॉर्ड केलेल्या होत्या, अकरा होत्या. अकराही बघितल्या, तिची वही मांडीवर घेऊन. वहीत तीन, टीव्हीवर दोन. वहीत चार, टीव्हीवर तीन. फक्त माझ्या खेळाडूंच्या पुढे. दुसऱ्या कोणाचं एकही कमी केलेलं नाही, बरं का, कोणाच्या ताटातलं काढलेलं नाही — फक्त माझ्यात वाढलेलं. आणि नीट बघितल्यावर आणखी एक दिसलं. तिच्या खऱ्या रेघा सगळ्या सारख्या, उभ्या, ओळीभर. जी खोटी, ती आखूड. थोडीशी. तिला धडपणे खोटंही लिहिता येत नव्हतं. हात आखडायचा बहुतेक. तीन वर्षं, दर रविवारी, इथे बसून. मी शेजारी बसलेलो असायचो, चेंडूकडे बघत.

आणि शेवटची मॅच. ती हॉस्पिटलात होती, नववा दिवस, मी म्हटलं बघतेस का, मोबाइलवर लावली. तिच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता, चष्मा घरी राहिलेला. मी फोन धरून बसलो तिच्यासमोर, पुरे दोन तास. मध्ये डोळे मिटायची. संपल्यावर म्हटलं, सुमे, एकवीस नंबर किती वेळा उठला? हाच, अंबाड्यावाला. तिने बोटं वर केली. तीन. म्हणाली, "तुमचे तीन लिहा." मी लिहिले. चष्म्याशिवाय कसं दिसलं असेल, असा विचारही आला नाही माझ्या मनात. ती मॅच घरी बॉक्सवर होती, ती मी सगळ्यात शेवटी बघितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनदा बघितली. तो एकदाही उठला नव्हता, रवींद्र. जाकीट घालून दोन तास नुसता बसून होता.

तर असं. लिंबूटिंबू म्हणून तिला घेतलं होतं आम्ही. लिंबूटिंबू मी होतो. मला माहीत नव्हतं इतकंच. आता ते नाव कोरलेलं तसंच आहे तांब्यावर, तीनदा, आणि ते माझं नाही. दुसऱ्या वर्षीचा साईनाथचा आहे, पहिल्या आणि तिसऱ्या वर्षीचा कुंडलिकचा, मी सगळं परत मांडून बघितलंय. परत द्यायला पाहिजे. रीतसर सांगून द्यायला पाहिजे. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की वहिनींची वही खोटी? सहा माणसं अशी आहेत जगात जी डोळे मिटून सांगतील, सुमतीवहिनी म्हणजे सरळ बाई. ती पण आता मीच कमी करू का? जूनपासून विचार करतोय. नवा सीझन सुरू झाल्यापासून दर शनिवारी फोन हातात घेतो, आज सांगू म्हणून, आणि पाच खेळाडू उचलतो आणि ठेवतो.

आणि हे मी तुम्हाला का सांगितलं? तुम्हाला नियम सांगायचे होते फक्त. … नाही, तुम्ही काही विचारलं नाहीत, ते खरंय. तुम्ही तिकडेच बघत होतात, मी सांगितलं तसं. माणूस तिकडे बघत असला की बोललं जातं. साईनाथला सांगू नका. कुंडलिकला तर नाहीच. मी सांगेन तेव्हा सांगेन. आणि तुमच्याकडून मला एकच हवंय, म्हणून तर 'हो' म्हटलं तुम्हाला — जेवढं दिसेल तेवढंच लिहा. सातवा आलो तर सातवा. शेवटचा. मला एकदा कळू दे माझे किती आहेत.

झाली? झाली, हात मिळवतायत. एकवीस बसलाय बघा, जाकीट अंगावरच. उतरला नाही, म्हणजे पानं कोरीच राहिली, धरायची. द्या वही इकडे. चष्मा कुठे — हं. पांढऱ्यांचा दोन नंबर, थ्रो-इन नऊ. बरोबर, नऊच. तो कुंडलिकचा. निळ्यांचा पंधरा, एकदा उठला आणि उतरला, म्हणून काट मारलीत — छान. अक्षर चांगलं आहे तुमचं. साईनाथचा अठरा, एक पान. बरोबर. आता माझा. एकवीस. एक… दोन…

तीन?

दोनदा उठला तो. दोन्ही वेळा मीच दाखवला तुम्हाला. … मी बोलत होतो तेव्हा? कधी? हॉस्पिटलचं सांगत होतो तेव्हा? नाही हो. मी बोलत असलो तरी माझे डोळे तिकडेच होते, तेवढं एकच येतं म्हटलं ना मला. तो बसलेला होता. बाटलीतून पाणी पीत होता.

आणि ही तिसरी रेघ, रवींद्र. ही आखूड का आहे?

नको. सांगू नका. … नाही, खोडत नाही, असू दे, मी बघतो तिचं काय करायचं ते. पेन्सिल ठेवा तिथे. पुढच्या रविवारी यायची गरज नाही, साईनाथला मी कळवतो काहीतरी. दुसऱ्या मजल्यावर दिवा गेलाय, जिना जपून उतरा. दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं.